एच.आय.व्ही. नसतानाही आढळणारा कापोसी सार्कोमा : ओळख व सापेक्ष निदान

प्रास्ताविक

पायावर जांभळट-काळसर चट्टे आहेत, हळूहळू त्यांच्या गाठी होत आहेत, वेदना जवळजवळ नाही, असा रुग्ण चिकित्सालयात आला की वैद्याच्या मनात रक्तदुष्टी, कुष्ठ, सिरागत विकार किंवा वातरक्त यांचे विचार येतात. ते स्वाभाविकही आहे. क्वचित एखाद्या वैद्यास ‘कापोसी सार्कोमा’ हे नाव आठवते. तथापि रुग्णाजवळील एच.आय.व्ही. तपासणीचा अहवाल नकारात्मक असला की तो विचार तेथेच सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, हा विचार तेथे सोडून देऊ नये. एच.आय.व्ही. नसणे म्हणजे कापोसी सार्कोमा नसणे नव्हे. हा व्याधी आपल्या देशात विरळ आहे. परंतु विरळ व्याधी ज्याला होतो त्या रुग्णाच्या दृष्टीने तो विरळ राहत नाही. शिवाय ह्या व्याधीचा एक प्रकार औषधांमुळे उद्भवतो. म्हणून चिकित्सक व औषधविक्रेते ह्या दोघांनाही त्याची ओळख असणे अगत्याचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हंगेरीत जन्मलेले व व्हिएन्ना येथे कार्यरत असलेले त्वचारोगतज्ज्ञ मॉरित्झ कापोसी यांनी १८७२ साली पाच रुग्णांच्या आधारे ह्या व्याधीचे प्रथम वर्णन केले. त्वचेवर अनेक ठिकाणी एकाच वेळी उद्भवणारा, रंगयुक्त व अज्ञात कारणाचा सार्कोमा असे त्यांनी त्याचे स्वरूप सांगितले. त्यानंतर कित्येक दशके हा व्याधी भूमध्य समुद्राच्या परिसरातील व पूर्व युरोपातील वृद्ध पुरुषांचा सावकाश वाढणारा विकार म्हणूनच परिचित होता. पुढे मध्य व पूर्व आफ्रिकेत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो हे ध्यानात आले.

जुलै १९८१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया येथील २६ समलिंगी पुरुषांत हा अर्बुद आढळल्याचे प्रसिद्ध केले. एड्सच्या इतिहासातील अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ही एक होय. तेव्हापासून कापोसी सार्कोमा आणि एड्स ही जोडी वैद्यकीय स्मरणात इतकी पक्की झाली की, त्यापूर्वीची १०९ वर्षे हा व्याधी एड्सच्या संदर्भाशिवायच शिकविला जात होता, ह्याचा विसर पडला. निदानातील आजची चूक बहुधा ह्या विसरातून घडते.

हेतू व संप्राप्ती

१९९४ साली युआन चँग व पॅट्रिक मूर ह्या दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या अर्बुदात एका नव्या विषाणूचे अस्तित्व दाखविले. मानवी हर्पिस विषाणू क्रमांक ८ हे त्याचे नाव होय. कापोसी सार्कोमाच्या सर्व प्रकारांत हा विषाणू आढळतो. मुख्यतः लाळेवाटे त्याचा प्रसार होतो. प्रत्यारोपित अवयवातूनही तो येऊ शकतो.

परंतु केवळ ह्या विषाणूचा प्रवेश म्हणजे व्याधी नव्हे. ज्यांच्या शरीरात हा विषाणू आहे अशा बहुसंख्य व्यक्तींना आयुष्यभर अर्बुद होत नाही. व्याधिक्षमत्व क्षीण झाले म्हणजे विषाणू प्रबळ होतो व रसवाहिन्या-रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशी लांबट, चातीच्या आकाराच्या होऊन वाढू लागतात. बीज आणि क्षेत्र ह्या आपल्या परिचित कल्पनेने हे सहज समजते. एच.आय.व्ही. हे क्षेत्र दुर्बल करणारे केवळ एक कारण आहे. वार्धक्य, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे व दीर्घकाल घेतलेली स्टेरॉईड ही अन्य कारणे होत.

एच.आय.व्ही.-विरहित प्रकार

१) अभिजात प्रकार : साधारणतः साठी ओलांडलेले पुरुष, स्त्रियांत प्रमाण कमी. पाऊल, घोटा व पोटरीवर चट्टे. वाढ वर्षानुवर्षे, अत्यंत सावकाश. भूमध्य सागरी व पूर्व युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक आढळतो.

२) आफ्रिकी प्रकार : तेथे एच.आय.व्ही.च्या साथीपूर्वीपासून असलेला. प्रौढांत पायांवर गाठी व काठिण्य. लहान मुलांत मात्र लसीकाग्रंथींचा, त्वरेने वाढणारा व घातक प्रकार आढळतो.

३) औषधजन्य प्रकार : मूत्रपिंड किंवा अन्य अवयवाच्या प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, अझाथायोप्रिन इत्यादी औषधे घेणारे रुग्ण. तसेच दमा, आमवातसदृश संधिविकार, पेम्फिगस इत्यादींसाठी दीर्घकाल प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉईड घेणारे रुग्ण. प्रत्यारोपितांत हा अर्बुद बहुधा पहिल्या काही महिन्यांत वा वर्षांत प्रकट होतो.

४) एच.आय.व्ही. नसलेल्या समलिंगी पुरुषांत आढळणारा प्रकार : हा तरुण व मध्यम वयात दिसतो व त्याची गती सामान्यतः सौम्य असते. पूर्वी ह्यास स्वतंत्र स्थान नव्हते. अलीकडे पाचवा प्रकार म्हणून तो मांडला जातो.

आपल्या व्यवहारात तिसरा प्रकार विशेष महत्त्वाचा होय. प्रत्यारोपण झालेले रुग्ण आता तालुक्याच्या गावीही असतात आणि स्टेरॉईडचे सेवन तर, माहिती असताना व नसताना, सर्वत्र आहे.

त्वचेवरील अवस्था

व्याधीच्या तीन अवस्था वर्णिल्या जातात.

प्रथम चट्ट्याची अवस्था. त्वचेच्या पातळीतच लालसर-जांभळा, अंडाकृती किंवा अनियमित डाग. तो दुखत नाही, खाजत नाही, त्यावर पांढरे भुसे नसतात. गोऱ्या त्वचेवरील वर्णने वाचून आपण जांभळा रंग शोधतो. सावळ्या त्वचेवर मात्र तोच डाग गडद तपकिरी किंवा काळसर दिसतो. म्हणून दिव्याच्या नव्हे तर दिवसाच्या उजेडात परीक्षण करावे.

द्वितीय अवस्थेत डाग उंचावून घट्ट चकती तयार होते. लगतच्या चकत्या एकमेकींत मिसळतात.

तृतीय अवस्थेत गाठी होतात. त्या घट्ट, क्वचित स्पंजासारख्या लागतात; पृष्ठभाग चकचकीत किंवा खरखरीत असतो; लहानशा आघातानेही रक्त येते; पुढे व्रण होतो. एकाच पायावर तिन्ही अवस्था एकाच वेळी असू शकतात व ही निदानास साह्यभूत खूण आहे. त्यासोबत पायास कठीण शोथ येतो. शोथ कधी कधी गाठींपूर्वीही दिसतो व त्यामुळे हत्तीरोगाचा भ्रम होतो.

तोंडातील टाळू, हिरड्या, डोळ्यांची श्लेष्मल त्वचा, जननेंद्रिय व लसीकाग्रंथी अवश्य पाहाव्यात. पोटात वा फुफ्फुसात प्रसार असल्यास काळा मल, पांडुता, खोकला, रक्तष्ठीवन, श्वास ही लक्षणे संभवतात.

आयुर्वेदीय विचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुदाचे सहा प्रकार आले आहेत. त्यांतील रक्तार्बुद स्रावयुक्त, त्वरेने वाढणारे व रक्तक्षयाने रुग्णास पांडुवर्ण करणारे सांगितले असून, रक्तज व मांसज अर्बुदे असाध्य मानली आहेत. एकाच वेळी किंवा क्रमाने उद्भवणारी द्विरर्बुदे आणि आधीच्या अर्बुदावर होणारे अध्यर्बुद ह्यांचाही तेथे निर्देश आहे. कापोसी सार्कोमाच्या तिसऱ्या अवस्थेचे रक्तार्बुदाशी साम्य उघड आहे.

तथापि दोहोंना एकच मानण्याची घाई करू नये. प्रस्तुत व्याधीचा आरंभ गाठीने नव्हे तर डागाने होतो. अभिजात प्रकारात वाढ शीघ्र नव्हे तर अतिमंद असते. आरंभीच्या डागास नीलिका म्हटले, पुढील चकतीस कुष्ठ म्हटले, शोथास श्लीपद म्हटले आणि गाठीस अर्बुद म्हटले, तर एकाच व्याधीस चार नावे देऊन चार निरनिराळ्या चिकित्सा केल्यासारखे होईल. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात वैद्यास मोठा दिलासा दिला आहे : प्रत्येक विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून लाज बाळगू नये. मात्र त्याच ठिकाणी हेतू, अधिष्ठान व समुत्थान जाणून चिकित्सा करण्याचा आग्रहही आहे. येथे हेतू व अधिष्ठान जाणण्याचे साधन ऊतकपरीक्षण होय. ते करून घेणे हा शास्त्राशी द्रोह नसून शास्त्राचीच आज्ञा पाळणे आहे.

सापेक्ष निदान

पुढील विकारांशी ह्या व्याधीची गल्लत होते.

अ) सिराविकारजन्य त्वचाविकार : जुनाट सिराकौटिल्याने घोट्याभोवती जांभळट-तपकिरी चकत्या येतात. बाह्यतः व सूक्ष्मदर्शकाखालीही त्या इतक्या सारख्या दिसतात की त्यांना ‘छद्म-कापोसी’ असे नाव मिळाले आहे. फुगलेल्या सिरा, डॉप्लर तपासणी व विषाणूसाठीचे विशेष रंजन ह्यांवरून भेद होतो.

आ) महाकुष्ठ : लेप्रोमॅटस प्रकारातील गाठी आपल्याकडे अधिक संभवनीय. स्पर्शज्ञान, जाड झालेल्या नाड्या, कानाच्या पाळ्या व भुवया तपासाव्यात. त्वचेच्या चिऱ्यातून केलेली जंतुतपासणी करावी.

इ) स्टेरॉईडने पातळ झालेल्या त्वचेखालील रक्तस्राव : हे जांभळे डाग बहुधा हातांवर येतात, रंग बदलतात व दोन-तीन आठवड्यांत विरतात. कापोसीचा डाग विरत नाही. डागाभोवती पेनने रेघ काढून तीन आठवड्यांनी पुन्हा पाहणे हा साधा उपाय आहे. मात्र त्याच रुग्णात दोन्ही असू शकतात.

ई) पायोजेनिक ग्रॅन्युलोमा : बहुधा एकच, आघातानंतर त्वरेने वाढलेली, सहज रक्त येणारी लाल गाठ.

उ) लायकेन प्लॅनस व औषधाने एकाच जागी वारंवार उठणारे चट्टे : पहिल्यात कंडू असते, दुसऱ्यात औषधसेवनाशी कालसंबंध सापडतो.

ऊ) मेलॅनोमा : तळपायावरील एकटी, काळी, अनियमित कडांची, वाढणारी गाठ. येथे एक दिवसाचाही विलंब अनुचित होय.

ह्या यादीचा अर्थ एवढाच की केवळ दर्शन-स्पर्शनाने निश्चिती होत नाही. त्यांनी संशय उत्पन्न करावा. निर्णय ऊतकपरीक्षणाने व्हावा.

प्रश्नपरीक्षा

संशय आल्यास पुढील प्रश्न विसरू नयेत.

– अवयव प्रत्यारोपण झाले आहे का? केव्हा? कोणत्या गोळ्या चालू आहेत?
– सांधेदुखी, दमा, त्वचाविकार ह्यांसाठी किती काळ व कोणती औषधे घेतली? चिठ्ठीवाचून घेतलेली औषधे कोणती?
– नाव नसलेल्या पुड्या, गोळ्या वा चूर्ण घेतले का? घेताच दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण आला का?
– चेहरा गोल होणे, वजन वाढणे, साखर वा रक्तदाब वाढणे हे झाले का?
– पहिला डाग केव्हा दिसला व त्यानंतर किती वाढले?

लैंगिक इतिहास विचारताना एकांत असावा, शब्द साधे असावेत व निवाडा करण्याचा सूर नसावा. नातेवाईकांसमोर विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही.

निश्चिती

सर्वप्रथम एच.आय.व्ही. तपासणी विश्वसनीय रीतीने व रुग्णाच्या संमतीने व्हावी. शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ती विनामूल्य होते. नजीकच्या काळात संसर्गाचा संभव असल्यास ठरावीक अवधीनंतर ती पुन्हा करावी. २०१७ च्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्यानुसार संमती व गोपनीयता ही बंधनकारक आहे.

त्यानंतर त्वचारोगतज्ज्ञ वा शल्यचिकित्सकाकडून बायोप्सी. रुग्ण पाठविताना चिठ्ठीत नुसते ‘पायावर गाठ’ असे लिहू नये. ‘कापोसी सार्कोमाचा संशय, एच.आय.व्ही. नकारात्मक; अमुक औषधे इतका काळ’ असे स्पष्ट लिहावे. आरंभीच्या अवस्थेत सूक्ष्मदर्शकाखालील बदल इतके अल्प असतात की शंका सुचविली नसेल तर ते सुटून जातात. शंका कळल्यास विकृतितज्ज्ञ विषाणूच्या एल.ए.एन.ए.–१ ह्या प्रथिनासाठी विशेष रंजन करू शकतात. ते पेशींच्या केंद्रकात आढळले म्हणजे निदानास भक्कम आधार मिळतो. पायातील नाडीस्पंदन व मधुमेह ह्यांची नोंद बायोप्सीपूर्वी द्यावी, कारण तेथील जखम सावकाश भरते.

काय करू नये

१) निदान न झालेल्या जांभळट गाठीवर जलौकावचारण करू नये. गाठ वाहिन्यांनीच बनलेली असते आणि जळवेच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही.

२) अग्निकर्म, क्षारकर्म किंवा दाहक लेप करू नये. रक्तस्राव व व्रणाचा धोका तर आहेच. शिवाय आघात झालेल्या जागी नवे उद्भव झाल्याच्या नोंदी आहेत. दग्ध ऊतकातून विकृतितज्ज्ञासही काही वाचता येत नाही.

३) शोथयुक्त पायाचे जोरकस मर्दन करू नये.

४) स्टेरॉईड किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधे एकाएकी बंद करण्यास सांगू नये. दीर्घकाल घेतलेले स्टेरॉईड अचानक थांबविल्यास प्राणसंकट ओढवू शकते. प्रत्यारोपणाची औषधे थांबविल्यास मूत्रपिंड नाकारले जाते. मात्रा कमी करणे हाच पुष्कळदा उपचार असतो, पण तो संबंधित तज्ज्ञानेच करावयाचा.

५) प्रत्यारोपित रुग्णास व्याधिक्षमत्ववर्धक रसायने स्वतःच्या निर्णयाने देऊ नयेत. अन्य रुग्णांत जे बल आपण वाढवू इच्छितो तेच बल येथे परक्या अवयवावर उलटू शकते. त्रिकटूयुक्त कल्पांबाबतही सावध असावे. पिप्पली-मरिचातील पायपरिन हे यकृत व आतड्यातील औषध-पचन मंदावते व त्यामुळे टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन यांची रक्तातील पातळी बदलू शकते.

औषधविक्रेत्यांसाठी

रुग्ण अनेकदा वैद्यापूर्वी दुकानदारास डाग दाखवितो व ‘एखादे मलम द्या’ म्हणतो. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन यांची मलमे वा मिश्रणे चिठ्ठीवाचून देऊ नयेत. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने देत राहणे हे कायद्याविरुद्ध तर आहेच, पण त्यातून नेमका तोच क्षीणबल रुग्ण तयार होतो ज्याचे वर्णन वर केले आहे.

आयुर्वेदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, लेबल व परवाना क्रमांक नसलेल्या सांधेदुखीच्या वा दम्याच्या पुड्यांत स्टेरॉईडची भेसळ असल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. असा माल दुकानात ठेवू नये. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. ह्या भेसळीने रुग्णाचे शरीर व आपल्या शास्त्राचे नाव ही दोन्ही एकदम बिघडतात. त्याचा बंदोबस्त इतरांनी करावा अशी वाट आपण पाहू नये.

चिकित्सा व साध्यासाध्यता

निदान झाल्यावर चिकित्सा कर्करोगतज्ज्ञ व त्वचारोगतज्ज्ञ ठरवितात. अभिजात प्रकारात मोजके, त्रास न देणारे चट्टे असल्यास केवळ निरीक्षणही पुरते. शोथासाठी दाब देणारे मोजे, मर्यादित गाठींसाठी शीतोपचार, किरणोपचार वा गाठीत औषध टोचणे, व विस्तृत व्याधीत लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल अशी योजना असते. विषाणूचे समूळ उच्चाटन होत नसल्याने हा व्याधी याप्य समजावा. अभिजात प्रकारातील बहुतेक वृद्ध रुग्णांचा मृत्यू अन्य कारणांनी होतो, हे कुटुंबीयांस सांगितल्यास त्यांची भीती उणावते. लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचा संभव ध्यानात घेऊन दीर्घकाल पाठपुरावा मात्र हवाच.

औषधजन्य प्रकार अधिक आशादायक आहे, कारण तेथे निदानपरिवर्जन शक्य असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या १५ रुग्णांचे सायक्लोस्पोरिन थांबवून त्यांना सिरोलिमस देण्यात आले. तीन महिन्यांत सर्वांचे त्वचेवरील चट्टे नाहीसे झाले व मूत्रपिंडही टिकले. वेळीच ओळख पटली तर औषध बदलूनही अर्बुद मागे हटते, हे ह्यावरून दिसते. उशिरा ओळख पटली तर फुफ्फुस व आतडी गुंतलेली असतात.

वैद्याचे कार्य येथे संपत नाही. अग्नीचे रक्षण, पथ्याहार, व्रणाची स्वच्छता, पांडुतेवर लक्ष, निद्रा व मनोबल ह्यांत आपला वाटा मोठा आहे. चालू असलेल्या प्रत्येक कल्पाची यादी तज्ज्ञास लेखी द्यावी व त्यांच्या संमतीने पुढे जावे.

समारोप

एक शेवटचा मुद्दा सामाजिक आहे. कापोसी सार्कोमा हे नाव कागदावर उमटले की गावात कुजबुज सुरू होते. रुग्णास एच.आय.व्ही. नसतो, तरी त्याच्या घरावर तो शिक्का बसतो. आणि ज्याला एच.आय.व्ही. असतो त्याच्यावर तो शिक्का बसविणे तितकेच अन्यायाचे असते. अहवालातील शब्दांचा अर्थ रुग्णास नीट समजावून सांगणे व तो इतरांपासून गोपनीय राखणे हे दोन्ही वैद्याचे कर्तव्य होय.

थोडक्यात : न विरणारा, न दुखणारा, जांभळट-काळसर डाग किंवा गाठ, वृद्ध, प्रत्यारोपित वा स्टेरॉईड घेणारा रुग्ण, आणि नकारात्मक एच.आय.व्ही. अहवाल. हे तीन एकत्र दिसले तर जळू, क्षार व मलम बाजूस ठेवावे, औषधांचा संपूर्ण इतिहास लिहून घ्यावा व रुग्णास स्पष्ट चिठ्ठीसह बायोप्सीस पाठवावे. निदान वेगळे निघाले तरी त्यात काही गमावले जात नाही.